रूट कॅनाल होऊन १४ महिने झाले, दाढ अजून दुखते. ‘चौथा कॅनाल राहिला’ म्हणजे नक्की काय?

चौथीच्या_बाई, १२ जानेवारी

नमस्कार. मी विट्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४४. गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल केलं. चिठ्ठीवर दाढेचा नंबर २६ लिहिलाय. तीन वेळा जावं लागलं, मग कॅप बसवली. पहिला महिना बरा गेला. नंतर गरम चहा त्या बाजूला गेला की कळ यायला लागली. नस काढलेल्या दाढेला गरम कसं लागतं, असं मी विचारलं तर डॉक्टरबाई शेजारच्या दाढेचं असेल म्हणाल्या. शेजारच्या दाढेत बारीक कीड होती, ती भरून घेतली. फरक पडला नाही.

मार्चनंतर गरम लागणं आपोआप थांबलं. मला वाटलं, सुटले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि चावताना ठणका सुरू झाला. तेव्हापासून भाकरीचा घास फक्त उजवीकडे. दिवाळीत त्या दाढेच्या वर हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी आली. ती फुटते, खारट पाणी येतं, दोन दिवस बरं वाटतं आणि परत भरते. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. डावा गाल सकाळी जड असतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी सायनस सांगून नाकात मारायचा फवारा दिला.

आता दोन मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात, दाढ काढा आणि इम्प्लांट करा. सांगलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मशीन तिरकं धरून आणखी एक फोटो काढला. ते म्हणाले, ‘पुढच्या मुळात भरलेलं मटेरियल मधोमध नाही, एका बाजूला आहे. त्यात आणखी एक कॅनाल राहिला असावा. स्कॅन काढा, मग परत उघडू.’

मला कळत नाही, दाढेला मुळं तीन असताना चौथा कॅनाल आला कुठून? ज्यांनी पहिल्यांदा केलं त्या डॉक्टरबाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्याकडे बोट दाखवायला नको वाटतं. पण १४ महिने मी एका बाजूनं जेवतेय. त्यांची चूक झाली का? आणि दाढ काढू का ठेवू?

नीरेकाठ, १२ जानेवारी

बाई, काढायची घाई करू नका एवढंच सांगतो. माझी हीच दाढ २०१६ साली काढली. ‘नंतर बघू’ म्हणत जागा तशीच मोकळी सोडली. आता खालची दाढ वर सरकत त्या खड्ड्यात आलीय आणि तिच्या आजूबाजूला अन्न अडकतं. एक काढली आणि दुसरीचं दुखणं लावून घेतलं. कॅनालचं मला काही कळत नाही, जाणकार सांगतीलच.

कृष्णाकाठची, १३ जानेवारी

बाई, मी दंतवैद्य आहे. मिरजेजवळ १७ वर्षं दवाखाना चालवतेय. फोटो न बघता निदान करणं बरोबर नाही, तेव्हा मी निदान करत नाहीये. पण तुम्ही सांगितलेला क्रम मी अनेकदा पाहिलाय. आधी गरम लागतं, मग सगळं शांत होतं, मग चावताना ठणका, मग पुटकुळी. कॅनाल म्हणजे मुळाच्या आतली, नस असते ती बारीक वाट. तिच्यात जिवंत नस शिल्लक असली की गरम लागतं. काही महिन्यांनी ती नस मरते, म्हणून लागायचं थांबतं. त्या थांबण्यालाच माणूस बरं वाटणं समजतो. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, मुळाच्या टोकाशी हाड पोखरलं जातं, आणि आतला पू वाट काढत हिरडीवर येतो. पुटकुळी फुटली की दाब कमी होतो म्हणून दोन दिवस बरं वाटतं. गोळ्यांनी हे बरं होणार नाही. ज्या कॅनालमध्ये रक्तच जात नाही, तिथं रक्तातून औषध पोचणार कसं?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका माणसानं शिकवलं, ते आधी सांगते.

२०११ साली दवाखाना सुरू होऊन तिसरं वर्ष होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारा एक हमाल आला. दाढ हीच, २६. मी तीन कॅनाल शोधले, साफ केले, भरले. फोटो सुंदर दिसत होता. आठ महिन्यांनी तो परत आला, चावताना दुखतं म्हणून. मी म्हटलं कॅप उंच असेल, आणि ती घासली. तो पुन्हा आला, पुन्हा घासली. तिसऱ्यांदा गोळ्या दिल्या. दर खेपेला त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडत होता. नंतर तो यायचाच बंद झाला आणि मी समजले, बरा झाला.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा दाढ त्याच्या हातात होती. दुसरीकडे काढून घेतली होती आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणली होती. टेबलावर ठेवून म्हणाला, ‘डॉक्टर, बघा यात काय राहिलंय.’ रागानं नाही म्हणाला. त्याला खरंच बघायचं होतं. त्याच्यासमोर मी डिस्कनं ते पुढचं मूळ आडवं कापलं. कापलेल्या भागावर गुलाबी गट्टापर्चाचा ठिपका होता, मी भरलेला. त्याच्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. मी दहा नंबरची फाईल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सुई, लावली आणि ती आत शिरली. तो म्हणाला, ‘मग तेव्हा का नाही दिसला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती दाढ मी आजही बाटलीत जपून ठेवलीय. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला आधी ती दाखवते.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर, आणि तुमच्याही.

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा मुळं तीनच असतात. गालाकडे दोन, टाळूकडे एक. टाळूकडचं मूळ गोलसर असतं, त्यात एक कॅनाल. गालाकडचं मागचं मूळही बहुतेक वेळा सरळ मनाचं. घोळ असतो तो गालाकडच्या पुढच्या मुळात. ते गोल नसतं, वालाच्या शेंगेसारखं चपटं असतं. शेंगेच्या दोन्ही कडांना जशी एकेक शीर असते, तसे त्या चपट्या मुळाच्या दोन कडांना दोन कॅनाल असू शकतात. गालाकडचा मोठा, तो सगळ्यांना सापडतो. टाळूच्या बाजूचा बारीक. त्याला आम्ही एमबी-टू म्हणतो. लहान वयात ही पोकळी पट्टीसारखी सलग असते. वय वाढतं तसा आतून दाताचा नवा थर बसत जातो, पट्टी मधे बुजते आणि दोन वाटा वेगळ्या होतात. म्हणजे मुळं तीन आणि कॅनाल चार, यात विचित्र काही नाही.

ही माहिती नवीनही नाही. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांत पातळ रबर भरलं, ते कडक केलं आणि बाहेरचा दात विरघळवून टाकला. उरला तो आतल्या पोकळीचा साचा. त्यांचं काम १९२५ साली इंग्रजीत आलं. ते साचे पाहिले की दात आतून एखाद्या झाडाच्या मुळांसारखा दिसतो. फाटे, जाळ्या, मधेच जोडणारे पूल. पुढे १९६९ साली वाइन आणि सहकाऱ्यांनी नेमकं याच मुळाकडे लक्ष वेधलं, निम्म्याच्या आसपास दाढांत त्यांना दुसरा कॅनाल मिळाला. १९८४ साली वर्तुची यांनी २४०० दात पारदर्शक करून आत रंग सोडून पाहिले. या मुळाचे त्यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत. १०० मुळांपैकी ४५ मध्ये एकच कॅनाल. ३७ मध्ये वर दोन, पण टोकाशी जाऊन एक होणारे. आणि १८ मध्ये शेवटपर्यंत दोन वेगळे. सूक्ष्मदर्शक आणि स्कॅन आल्यापासून तर दुसरा कॅनाल याहून जास्त दाढांत सापडतो.

या ३७ आणि १८ मध्ये नशिबाचा खेळ आहे. दोन वाटा टोकाशी एक होत असतील तर मोठी वाट नीट बंद केल्यावर लहान वाटेचं तोंडही कधी कधी खालून बंद होतं. ती दाढ वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही आणि डॉक्टरला कधी कळतही नाही की आपला एक राहिला. वाटा शेवटपर्यंत वेगळ्या असतील तर मात्र राहिलेली वाट मुळाच्या टोकाशी उघडीच राहते. माझा हमाल त्या १८ मधला होता. तुम्हीही असाल.

मग दिसत का नाही? एक तर आमचा फोटो सपाट असतो. दोन कॅनाल एकामागे एक उभे, समोरून बघितलं की एकच दिसणार. वरच्या दाढेवर गालाच्या हाडाची सावली पडते, ती वेगळीच. म्हणून मशीन थोडं तिरकं करून दुसरा फोटो काढायचा, म्हणजे मागचा पुढच्याच्या आडून बाहेर येतो. भरलेलं मटेरियल मुळाच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसलं तर उरलेल्या अर्ध्या मुळात काय आहे, हा प्रश्न पडलाच पाहिजे. तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी तेच केलं. ते बारकाईनं बघणारे आहेत असं मला वाटतं.

दुसरं, दाढ उघडल्यावरही त्या कॅनालचं तोंड समोर नसतं. त्यावर दाताचाच एक ओठ पुढे आलेला असतो. आम्हाला कॉलेजात वरची दाढ उघडताना त्रिकोण करायला शिकवलं होतं. त्रिकोणात तीनच कॅनाल मावतात! एमबी-टूसाठी पुढच्या भिंतीकडे ती जागा वाढवून चौकोनी करावी लागते. तळ वाचावा लागतो. क्रॅस्नर आणि रँकॉव यांनी २००४ साली ५०० दातांचे तळ तपासून जे नियम मांडले ते मी भिंतीवर लावलेत. पोकळीचा तळ भिंतींपेक्षा नेहमी गडद असतो, आणि कॅनालची तोंडं जिथं तळ आणि भिंत मिळते तिथंच असतात. मोठ्या कॅनालपासून टाळूच्या कॅनालकडे एक गडद रेघ जाते. त्या रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे एक ते तीन मिलिमीटरमध्ये शोधायचं. अल्ट्रासॉनिकच्या बारीक टोकानं तो ओठ हळूहळू उतरवायचा, मोठं दाखवणारा चष्मा किंवा मायक्रोस्कोप लावून. सहा आणि आठ नंबरच्या फाईल, ज्यांची टोकं ०.०६ आणि ०.०८ मिलिमीटर असतात, त्यांनी चाचपडायचं. कधी पाच मिनिटांत मिळतो, कधी सव्वा तास जातो. तालुक्याच्या गावात बाहेर बाकावर आठ पेशंट असताना हा सव्वा तास काढणं सोपं नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

म्हणून तुमच्या डॉक्टरबाईंना पहिल्या खेपेला तो सापडला नाही, याला मी चूक म्हणणार नाही. पण नस काढलेल्या दाढेला गरम लागतंय असं तुम्ही स्वतः सांगितलंत, तिथं थांबून विचार व्हायला हवा होता. मी हमालाची कॅप दोनदा घासली तेव्हा मीही तेच केलं. पेशंट बरोबर सांगत होता आणि मी फोटोवर विश्वास ठेवला. त्यांना जाऊन भेटा, फोटो दाखवा. मला कुणी अशी दाढ आणून दाखवली नसती तर मी आणखी किती जणांच्या कॅपा घासल्या असत्या, देव जाणे.

दाढ काढायची का, याचं उत्तर स्कॅननंतर. पण आत न बघता काढायला मी तरी हो म्हणणार नाही.

चौथीच्या_बाई, १३ जानेवारी

डॉक्टर, दोनदा वाचलं. वालाच्या शेंगेचं उदाहरण मुलांना परिसर अभ्यासात सांगणार आहे. शंका आहेत. स्कॅनचे किरण जास्त असतात का? महागडी कॅप फोडावी लागेल का? गालाचं जडपण याच दाढेमुळे असू शकतं का? आणि असे जास्तीचे कॅनाल बाकीच्या दातांतही असतात का? माझ्या वडिलांचा खालचा पुढचा दात दोनदा रूट कॅनाल करूनही राहिला नव्हता.

कृष्णाकाठची, १४ जानेवारी

स्कॅन म्हणजे सीबीसीटी. फक्त त्या दाढेपुरता, पाच बाय पाच सेंटिमीटरचा छोटा काढायला सांगा. पूर्ण जबड्याचा नको. पोटाच्या किंवा डोक्याच्या सिटी स्कॅनच्या मानानं यात किरण बरेच कमी असतात.

गालाचं जडपण असू शकतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी चिकटून असतात, काहींच्यात मधे हाडाचा पापुद्राच असतो. मुळाच्या टोकाशी पू झाला की वरचं अस्तर सुजतं. एकाच बाजूचा सायनस वारंवार भरत असेल तर त्या बाजूचे वरचे दात तपासायलाच हवेत. स्कॅनमध्ये तेही दिसेल.

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. खालचे पुढचे दात दिसायला इवलेसे, एका मुळाचे. पण ते मूळही चपटं असतं आणि तीन-चार दातांमागे एकात दोन कॅनाल निघतात. एक ओठाकडे, एक जिभेकडे. आपण दात जिभेच्या बाजूनं उघडतो. भोक जरा तोकडं राहिलं की फाईल आपसूक ओठाकडच्या वाटेत जाते आणि जिभेकडची दाताच्या ओठाखाली लपून राहते. वडिलांच्या बाबतीत तेच झालं असेल असं म्हणत नाही, पण मी त्या दातांत आता भोक जिभेकडे लांबवल्याशिवाय थांबत नाही.

खालच्या पहिल्या दाढेला बहुधा मुळं दोन, पण कधी जिभेच्या बाजूला मागे तिसरं आखूड, आकड्यासारखं वाकलेलं मूळ असतं. व्हिएन्नाच्या काराबेली यांनी १८४४ साली त्याची नोंद केली होती. चीन-जपानकडच्या लोकांत ते बरंच आढळतं, आपल्याकडे कमी, पण आढळतं. खालच्या दुसऱ्या दाढेत त्याहून अवघड प्रकार. मुळं एकमेकांत मिसळलेली आणि कॅनाल वेगवेगळे नसून इंग्रजी सी अक्षरासारखी एक सलग चीर. मूळ घडताना त्याला आकार देणारं आवरण एका बाजूनं नीट जुळत नाही, म्हणून असं होतं. हाही पूर्व आशियात फार सापडतो. मिरजेत शिकायला आलेल्या एका मणिपुरी मुलीच्या दाढेत मी तो पहिल्यांदा पाहिला. उघडल्यावर मला तीन तोंडांऐवजी ती चीर दिसली आणि मी त्या दिवशी काम थांबवलं. औषध ठेवून दाढ बंद केली, रात्री पुस्तक काढून बसले. अशा चिरेत फाईल सगळीकडे पोचत नाही, फाईलनं जास्त खरवडलं तर पातळ भिंत फुटते. तिथं भिस्त धुण्यावर. सोडियम हायपोक्लोराइट वारंवार बदलत, अल्ट्रासॉनिकनं हलवत आत खेळवायचं, म्हणजे कोपऱ्यातलं मांस विरघळून निघतं. भरतानाही गट्टापर्चा गरम करून मऊ केला तरच तो चिरेत पसरतो. तिची दाढ अजून आहे.

कॅपचं म्हणाल तर वरून भोक पाडून काम करता येतं. तुमची कॅप चांगली बसलेली असेल तर मी तेच करीन.

जुना_ओपीडी, १५ जानेवारी

मी याच विषयाचा निवृत्त प्राध्यापक. वरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं मनापासून आवडलं, पण शेवटच्या मुद्द्याला माझी हरकत आहे. कॅप काढाच. १४ महिने ठणकणाऱ्या, पुटकुळी असलेल्या दाढेत राहिलेला कॅनाल हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे मुळाला उभी गेलेली भेग. दोन्हींत पुटकुळी येते, दोन्हींत चावताना दुखतं. कॅपच्या वरून एवढंसं भोक पाडून भेग दिसत नाही. आधी प्रोबनं, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळीनं, दाढेभोवती हिरडीची खोली मोजा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच ठिकाणी अरुंद, खोल घुसत असेल तर भेगेचा संशय घ्या. भेग मुळात उभी गेली असेल तर चौथा कॅनाल मिळूनही ती दाढ वाचत नाही, आणि बाईंचे पैसे दोनदा जातील.

स्कॅनवरही सगळा भार टाकू नका. धातूची कॅप आणि आतला गट्टापर्चा यांच्यामुळे चित्रात रेघोट्या येतात, त्यात बारीक कॅनाल बुडतो आणि नसलेली भेगही भासते. कॅप काढून स्कॅन केला तर चित्र बरंच स्वच्छ येतं.

तरुण मित्रांसाठी आणखी एक. एमबी-टू शोधण्याच्या नादात तळ फोडलेल्या दाढाही मी ओपीडीत पाहिल्या आहेत. कॅनालच्या तोंडापासून दोन मिलिमीटर खाली उतरूनही काही मिळालं नाही तर हात थांबवा, फाईल ठेवून फोटो काढा, दिशा बघा. न सापडलेल्या कॅनालवर पुढे इलाज आहे. मुळांच्या दुभागात भोक पडलं तर ते निस्तरणं फार कठीण.

बाई, खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढताना दातांच्या संवर्धन विभागात, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह अँड एंडोडाँटिक्समध्ये, पाठवा म्हणून सांगा. खेपा जास्त होतील, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं.

कृष्णाकाठची, १५ जानेवारी

सर, बरोबर आहे. पुटकुळी आहे हे वाचूनही मी भेगेचा विचार लिहिला नाही. बाई, मी कॅपबद्दल लिहिलेलं सोडून द्या. सर म्हणतात तसं आधी प्रोबनं मोजून घ्या आणि कॅप काढूनच पुढे जा.

चौथीच्या_बाई, २४ ऑगस्ट

सगळ्यांना नमस्कार. सात महिन्यांनी लिहितेय. मुलांची परीक्षा, मग सुट्टी, मग पुन्हा शाळा, यात राहून गेलं.

सांगलीच्या डॉक्टरांकडेच केलं. त्यांना मी जुना_ओपीडी सरांचा निरोप वाचून दाखवला, त्यांनी निमूट प्रोब घेतला आणि सहा ठिकाणी मोजलं. कुठेच तीनच्या वर गेलं नाही. कॅप कापून काढली, खाली भेग नव्हती. मग स्कॅन. पडद्यावर मुळाचा आडवा काप होता, आणि खरंच लांबट आकार, एका टोकाला पांढरा ठिपका, दुसऱ्या टोकाला काळा. वालाची शेंग मी लगेच ओळखली. वर सायनसचं अस्तर त्या मुळाच्या डोक्यावर फुगलेलं होतं.

पहिल्या बैठकीला दोन तास लागले. दातावर रबराचा पडदा लावला होता. फक्त ती दाढ बाहेर, बाकी तोंड झाकलेलं. जुनं गुलाबी मटेरियल काढलं. मग बराच वेळ नुसता बारीक घर्रर आवाज. मधेच डॉक्टर थांबले, फाईल सोडली आणि मला म्हणाले, ‘बाई, फाईल स्वतः उभी राहिली.’ पाणी मारताना त्यातून काळपट काहीतरी आलं आणि असा वास आला की पडद्याआडून मलाही कळला. वर्षभर तो वास माझ्या डोक्यात होता, असं वाटून गेलं. आत चुन्याचं औषध भरून दाढ बंद केली. पानाला लावतात त्याच चुन्याचं शुद्ध रूप, असं त्यांनी सांगितलं.

नवव्या दिवशी पुटकुळी सुकली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बैठकीत चारही कॅनाल भरले. या राहिलेल्या कॅनालची वाट शेवटपर्यंत वेगळी निघाली. एप्रिलमध्ये नवी कॅप बसली. परवा सहा महिन्यांचा फोटो काढला. मुळाच्या टोकाचा काळा डाग अर्ध्याहून लहान झालाय. पूर्ण भरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि नाहीच भरला तर हिरडीकडून मुळाचं टोक कापायची छोटी शस्त्रक्रिया शिल्लक आहे, दाढ काढायची वेळ त्यानंतर. गालाचं जडपण मार्चमध्येच गेलं. नाकातला फवारा कपाटात पडून आहे.

माझ्या पहिल्या डॉक्टरबाईंकडेही गेले. स्कॅन दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जुना फोटो काढून शेजारी लावला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही गरम लागतं म्हणालात ते मला आठवतंय.’ फीचे पैसे परत देत होत्या, मी घेतले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी मोठं दाखवणारा चष्मा घेतला, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं.

आता शेवटची शंका. माझ्या उजव्या बाजूला १६ नंबरच्या दाढेचंही सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालंय. चिठ्ठीवर तीनच कॅनाल लिहिलेत. दुखत काही नाही. पण आता रात्री जीभ सारखी तिथंच जाते. तीही उघडून घ्यावी का?

कृष्णाकाठची, २५ ऑगस्ट

बाई, डाग लहान झाला हे वाचून फार बरं वाटलं.

१६ उघडू नका. डाव्या दाढेत चार निघाले म्हणजे उजवीतही चार असण्याची शक्यता बरीच आहे. पण सहा वर्षं ती शांत आहे. तुमच्या उजव्या दाढेत दोन वाटा टोकाशी एक झाल्या असतील, किंवा एकच असेल. एक सरळ आणि एक तिरका असे दोन फोटो काढून मुळाच्या टोकाचं हाड स्वच्छ आहे का बघून घ्या. स्वच्छ असेल तर दर वर्षी एक फोटो, आणि भाकरी दोन्ही बाजूंनी खा. गरम लागलं, चावताना दुखलं किंवा हिरडीवर काही दिसलं तर त्याच आठवड्यात जा, आणि चिठ्ठीत तीन कॅनाल लिहिलेत हे त्यांना आपणहून सांगा.